मदत हवी आहे (जुलै २०२१) : ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली खानावळ, अंगावर कर्ज नाही, मग कुठल्या योजनेत बसेन?

पोळपाट_लाटणं (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

वागळे इस्टेटमध्ये माझी छोटी खानावळ आहे. पोळी, भाजी, वरण-भात, बुधवार-शुक्रवार मासे. गिऱ्हाईक म्हणजे आसपासच्या कारखान्यांतले कामगार, ऑफिसांचे वॉचमन, हाऊसकीपिंगवाले आणि किसननगरात खोली घेऊन राहणारी गावाकडची मुलं. मार्च २०२० च्या आधी दुपारी बसायला जागा मिळायची नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. कामगार गावी गेले, त्यातले बरेच परत आलेच नाहीत. ऑफिसं घरून चालू लागली. गेल्या जुलैत ठाण्यात पुन्हा कडक टाळेबंदी झाली. दिवाळीनंतर गाडी जरा रुळावर येतेय असं वाटलं, तोवर यंदा एप्रिलमध्ये 'ब्रेक द चेन' म्हणून राज्य सरकारचे निर्बंध पुन्हा आले. आता तिसऱ्या स्तराचे नियम आहेत : सोमवार ते शुक्रवार दुपारी चारपर्यंत निम्म्या जागा भरायच्या, त्यानंतर आणि शनिवार-रविवार फक्त पार्सल. माझा खरा धंदा रात्रीच्या जेवणाचा. खोलीवर एकटा राहणारा मुलगा गरम पोळी पानात पडावी म्हणून येतो, तो पार्सल नेत नाही. घरी नेऊन वाढणारं कोणी नाही म्हणूनच तर तो खानावळीत येतो.

गाळ्याचं भाडं थकलंय. मालक चांगले आहेत, पण डिपॉझिटमधून वळतं करतायत आणि ते आता संपत आलंय. माझ्याकडे पोळ्या लाटायला आणि भांड्यांना मिळून तीन बायका आहेत. तिघींना निम्म्या पगारावर ठेवलंय. कमी करायचं माझ्या मनात नाही, कारण तिघींचीही घरं त्यावरच चालतात.

बँकेत जाऊन विचारलं. साहेब म्हणाले, आपत्कालीन कर्ज योजना आहे, पण ती आधीच्या कर्जदारांना. मी धंदा बचत गटाच्या पैशांतून आणि दागिने मोडून उभा केला. बचत गटाचं केव्हाच फिटलं. बँकेचा एक रुपया माझ्यावर नाही. आता जो कर्जाशिवाय उभा राहिला त्याला काहीच नाही, हे मला खरंच समजत नाही. २८ जूनला केंद्राच्या अर्थमंत्र्यांनी पुन्हा मदतीचे मोठे आकडे सांगितले. त्यात माझ्यासारखीला काय आहे? भाड्याची काही सवलत आहे का? आणि या बायकांसाठी काही? कर्ज काढून भाडं भरू नकोस असं आमचे हे म्हणतात. त्यांचा स्वतःचा टेम्पो आहे, वाशीच्या मार्केटमधून माल आणतात, तेही काम निम्म्यावर आलंय.

ज्यांनी स्वतः अर्ज केलेत त्यांनी कृपया अनुभव लिहा.

निवृत्त_बँकवाला

ताई, साहेबांनी तुम्हाला बरोबर सांगितलं. ती योजना, म्हणजे ईसीएलजीएस, मे २०२० मध्ये आली. २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्या खात्यावर जेवढं कर्ज बाकी होतं त्याच्या २० टक्के नवं कर्ज, तारण नाही, हमी सरकारची, बँकांचं व्याज ९.२५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. हॉटेल-उपाहारगृहांसाठी यंदा मार्चअखेर तोच आकडा ४० टक्के केला आणि मुद्दल फेडायला दोन वर्षांची सवड दिली. पण दोन्हीकडे हिशोब जुन्या बाकीवर आहे. बाकी शून्य असेल तर शून्याचे ४० टक्केही शून्यच. २८ जूनला तीन लाख कोटींची मर्यादा साडेचार लाख कोटी केली तरी हा पाया बदललेला नाही. मी शाखेत आयुष्य काढलंय आणि मला हे मनापासून खटकतं. बँकांनी लगेच पैसे सोडावेत म्हणून ओळखीच्या खात्यांवरून योजना बांधली, त्यात काटकसरीने चालणारे बाहेर राहिले.

तुम्ही मुद्रा, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीचं सरकारी योजनेतलं कर्ज मागा. शिशु म्हणजे ५० हजारांपर्यंत, किशोर म्हणजे त्याच्यापुढे ५ लाखांपर्यंत, तारण लागत नाही. व्याज मात्र बँकेप्रमाणे बदलतं, सही करण्याआधी विचारून घ्या. जाण्याआधी 'उद्यम', म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करा. आधार आणि पॅनवर होते, पूर्ण फुकट आहे. त्याच नावाच्या नकली वेबसाईट पैसे मागतात, तिकडे जाऊ नका. गुमास्त्याची, म्हणजे दुकानाच्या परवान्याची भीती नको, दहापेक्षा कमी माणसं असली की ऑनलाईन कळवल्याची पावती पुरते.

टेम्पोवर कर्ज चालू आहे का, ते लिहा.

भाड्याबद्दल तुमच्या यजमानांशी मी पूर्ण सहमत आहे. कर्जाचा पैसा डाळ-तांदळात गेला तर गल्ल्यात परत येतो, थकलेल्या भाड्यात गेला तर फक्त हप्ता उरतो.

कोपरीकर

ताई, भाड्याची कुठलीही योजना माझ्या पाहण्यात नाही. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये राज्य सरकारने मालकांना तीन महिने भाडं पुढे ढकला असं सांगितलं होतं, ते घरभाड्यापुरतं होतं. गाळ्यांना नाही.

आमचा भाजीचा ठेला आहे. आम्हाला पीएम स्वनिधीचे, म्हणजे फेरीवाल्यांच्या कर्ज योजनेचे १० हजार मिळाले, त्याचं लिहितो, तुमच्या बायकांपैकी कोणाच्या घरी ठेला असेल तर उपयोग होईल. २४ मार्च २०२० ला किंवा त्याआधी रस्त्यावर विक्री करत असलं पाहिजे. फेरीवाल्याचं ओळखपत्र नसेल तर महापालिकेचं शिफारसपत्र चालतं, तोही अर्ज ऑनलाईन होतो. वर्षभरात हप्त्यांनी फेडायचं, वेळेवर फेडलं की व्याजातले ७ टक्के सरकार खात्यात टाकतं, आणि पुढचं कर्ज २० हजारांचं मिळू शकतं. क्यूआर कोडवर पैसे घेतले तर थोडा कॅशबॅकही असतो. पण गाळा असलेल्याला ही योजना लागू नाही, म्हणजे तुम्हाला नाही.

यंदा एप्रिलच्या राज्याच्या पॅकेजमधले १५०० रुपये फक्त नोंदणी असलेल्या फेरीवाल्यांना होते. घरकामगार, बांधकाम कामगार यांनाही तसंच, नोंद असेल तर. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे, आज उपयोग नसला तरी जिथे नाव नोंदवता येतं तिथे नोंदवून ठेवा.

पोळपाट_लाटणं (धागाकर्ती)

काका, दादा, खूप आभार. एवढं नीट मला कोणी सांगितलं नव्हतं. टेम्पोचं कर्ज आहे, २०१९ चं, ह्यांच्या नावावर, सरकारी बँकेचं. टाळेबंदीच्या आधी हप्ता कधी चुकला नव्हता. गेल्या वर्षी बँकेने सहा महिने हप्ता नको म्हटलं तेव्हा आम्ही थांबवला होता, नंतर पुन्हा सुरू केला. आता दोन हप्ते मागे आहोत.

निवृत्त_बँकवाला

मग यजमानांनी स्वतः अर्ज करावा. ऑगस्ट २०२० पासून माणसाच्या वैयक्तिक नावावरचं पण स्वतःच्या धंद्यासाठी घेतलेलं कर्जही त्या योजनेत धरतात. २९ फेब्रुवारी २०२० ला हप्ता ६० दिवसांपेक्षा जास्त थकलेला नसावा ही अट आहे, ती तुम्ही पार करता. त्या तारखेच्या बाकीचा उतारा बँकेकडून घ्या. मुदत सध्या ३० सप्टेंबर २०२१. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

तुर्भे_वर्कशॉप

वहिनी, दोन हप्ते मागे आहात हे वाचून लिहितोय. माझं तुर्भ्याला फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे, मी याच फेऱ्यातून गेलोय. तिसरा हप्ता थकू देऊ नका. ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत धरलं जातं आणि मग कुठलीच बँक दारात उभी करत नाही. ५ मे ला रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या पुनर्रचनेचा दुसरा टप्पा आणला आहे, ३१ मार्च २०२१ ला खातं स्टँडर्ड, म्हणजे एनपीए न झालेलं असेल तर हप्ते कमी करून मुदत वाढवून मागता येते, दोन वर्षांपर्यंत. यालाही ३० सप्टेंबरपर्यंतच मागणी करायची आहे.

पण डोळे उघडे ठेवून करा. गेल्या वर्षीच्या सहा महिन्यांचं व्याज माफ झालं अशी बऱ्याच जणांची समजूत होती. माफ झालं ते फक्त व्याजावरचं व्याज, आणि तेही आधी २ कोटींच्या आतल्या कर्जांना. मूळ व्याज मुद्दलात चढलं. माझी मुदत किती लांबली ते उतारा पाहिल्यावर कळलं. त्यामुळे पुनर्रचना घ्यायची तर एकूण किती भरावं लागेल हा आकडा बँकेकडून कागदावर घ्या.

खारेगाव_कर्ती

ताई, सगळे कर्जाचं सांगतायत, मी वेगळं सुचवते. शिवभोजन केंद्रासाठी, म्हणजे राज्य सरकारच्या स्वस्त थाळीच्या केंद्रासाठी विचारा. आमच्या बचत गटातल्या एकीच्या नणंदेचं केंद्र आहे. खानावळी आणि महिला बचत गट दोघांनाही ते देता येतं आणि तुमच्याकडे जागा, भांडी, हात सगळं तयार आहे. थाळीत दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि मूद भात. २६ जानेवारी २०२० ला योजना सुरू झाली तेव्हा जेवणाऱ्याकडून १० रुपये घ्यायचे, टाळेबंदीत ते ५ केले, आणि यंदा १५ एप्रिलपासून थाळी फुकट आहे. शहरात एका थाळीचे ५० रुपये धरलेत, ते केंद्राला सरकारकडून मिळतात. जेवणाची वेळ दुपारची आहे, म्हणजे चारच्या नियमाचा तुम्हाला अडथळा नाही.

माझ्या मते तुमच्यासारखीला हाच खरा आधार आहे. यात कोणी तुम्हाला उसने देत नाही, तुमच्या हातचं अन्न विकत घेतं, आणि तिघींना पूर्ण काम मिळतं. किसननगरात आज फुकट थाळीची गरज असलेली माणसंही आहेत. मात्र प्रत्येक ठिकाणी थाळ्यांचा इष्टांक, म्हणजे आकडा ठरलेला असतो, नवीन केंद्र मिळेलच असं नाही. जेवणाऱ्याचं नाव आणि फोटो ॲपवर रोज चढवावे लागतात. आणि बिल नंतर येतं, तोवर किराणा आपल्या खिशातून. चौकशी शिधावाटप कार्यालयात करा.

बायकांचं रेशन कार्ड चालू आहे ना, हे आजच बघा. केंद्राचं माणशी ५ किलो मोफत धान्य नोव्हेंबरपर्यंत वाढवलंय. २८ जूनच्या घोषणेत सूक्ष्म वित्त संस्थांमार्फत सव्वा लाखापर्यंतचं कर्जही आहे, पण निम्म्या पगारावर असलेल्या बाईला ते घ्यायला मी तरी सांगणार नाही.

निवृत्त_बँकवाला

हे फार चांगलं सुचवलंत. ताई, बिल येईपर्यंतच्या किराण्यासाठीच शिशु मुद्रा मागा. केंद्राचं मंजुरीपत्र अर्जाला जोडलंत तर शाखेला परतफेड कुठून होणार ते समोर दिसेल. मोठी रक्कम मागू नका.

पोळपाट_लाटणं (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. खारेगावच्या ताई, हे मला सुचलंच नव्हतं. सोमवारी शिधावाटप कार्यालयात जाते. हे त्याच दिवशी टेम्पोचा अर्ज घेऊन बँकेत जातील. उद्यमची नोंदणी मुलगी आज रात्री करून देते म्हणालीय.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कोणी स्वतः केंद्र चालवत असेल तर एवढंच सांगा : बिल हातात पडायला साधारण किती दिवस लागतात, आणि तेवढ्या दिवसांचा किराणा उधारीवर द्यायला दुकानदार तयार होतात का? त्यावर किती कर्ज मागायचं ते ठरवता येईल.