जटायू माहितीपत्रकात सापडला, गाऊनमध्ये कुठाय?

गोदाकाठ:
पुराणकथा आणि निसर्ग, या दोन नावांवर हल्ली कुठलाही कपडा खपतो. निमित्त आपल्याच शहरातल्या एका फॅशन कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचा शो. भाचीच्या आग्रहानं गेलो होतो. एका मुलाच्या कलेक्शनचं नाव 'जटायू'. माहितीपत्रकात पंचवटी, सीताहरण, तुटलेला पंख, त्याग असं सगळं अर्धं पान भरून. आणि रॅम्पवर काय आलं? सोनेरी सॅटिनचा नेहमीचा फिशकट (गुडघ्यापर्यंत घट्ट, खाली घेरदार) गाऊन, खांद्यावर ग्लूनं चिकटवलेली रंगवलेली पिसं. हाच गाऊन 'गरुड' म्हणून चालला असता, 'फिनिक्स' म्हणून चालला असता, आणि रिसेप्शनला तर काही नाव न देताही चालला असता.

माझं म्हणणं असं की कथेनं किंवा निसर्गातल्या आकारानं कपड्याचा कट, शिवण, वीण यातलं काहीतरी बदलायला हवं. नाही बदललं, तर ती प्रेरणा नव्हे, दुकानावरची पाटी. इरिस व्हॅन हर्पेन या डच डिझायनरचं काम बघा. पाण्याचं स्फटिक होणं हा विषय घेतला तेव्हा निळ्या कापडावर लाटा छापून तिचं भागलं असतं. तिनं २०१० साली थ्रीडी प्रिंट केलेला टॉप आणला, कारण तो आकार शिवणयंत्रातून निघणारा नव्हता. पुढे २०२२ मध्ये ओव्हिड या रोमन कवीच्या रूपांतराच्या कथा घेतल्या. झाड झालेली डॅफ्नी, देवीशी विणकामात पैज लावून कोळी झालेली अराक्नी. त्यातले कपडे अंगावर घातलेले वाटत नाहीत, अंगातून उगवल्यासारखे वाटतात. आमचा जटायू मात्र खांद्यावर येऊन बसला होता फक्त.

भाची रुसलीय. बोला आता.

सुईदोरा:
दादा, रुसणारच ती. मी पॅटर्नमेकिंग शिकवते (तुम्ही गेलात त्या कॉलेजात नाही), म्हणून जरा सांगते. स्वतःच्या खिशातून कापड आणणाऱ्या पोराला पॅरिसच्या कुतूरच्या, म्हणजे हातानं शिवलेल्या महागड्या कपड्यांच्या पट्टीनं मोजायचं, हा कुठला न्याय?

आणि 'छापलं म्हणजे फसवलं' हे मला अजिबात मान्य नाही. अलेक्झांडर मॅक्वीन या ब्रिटिश डिझायनरचं 'प्लेटोज अटलांटिस' हे कलेक्शन आठवा, ऑक्टोबर २००९ मध्ये पॅरिसला झालेलं. बुडालेल्या बेटाची दंतकथा, आणि त्यातून माणूस पुन्हा समुद्रात जाऊन जलचर होतो अशी कल्पना. त्यातले बहुतेक ड्रेस छापीलच आहेत, सापाच्या कातडीसारखे, पतंगाच्या पंखांसारखे डिजिटल प्रिंट. पण ते प्रिंट थानातून कापलेले नाहीत. एकेका ड्रेसच्या कटप्रमाणे बसवलेत, म्हणून कंबरेशी खवले आवळतात आणि घेरात सैल होतात. तुमची ती व्हॅन हर्पेनही मॅक्वीनकडेच उमेदवारी करून गेलेली.

म्हणजे दोष छपाईत नाही. दोष असलाच तर घाईत आहे.

सिडकोकर:
ग्लू वापरला म्हणून तरी पिसं टिकली. आमच्याकडच्या शोमध्ये एका 'निसर्गकन्ये'ची पानं अर्ध्या रॅम्पवर पानगळ करत गेली होती.

अंजनेरीचा वाटसरू:
कपड्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण पक्षी बघत फिरतो. मूळ घोटाळा वेगळाच आहे. जटायू गिधाड होता हो! सोनेरी पिसं कुठून आली? पोरानं गरुड पाहिला, तोही बहुतेक कॅलेंडरवर.

अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. दुर्बिणीतून नीट बघा एकदा. डोकं आणि मान जवळजवळ उघडी, आणि मानेच्या बुडाशी पांढुरक्या मऊ पिसांची झालर. आयती कॉलर आहे ती, शिंप्यानं काही शोधायलाच नको. पंखांचा पसारा दोन मीटरच्या पुढेमागे. घिरट्या घालताना टोकाची मोठी पिसं बोटांसारखी फाकतात, मधे आभाळ दिसतं. रंग मातकट, पण वरून उजेड पडला की पाठ फिकट आणि उडायची पिसं गडद, असा दोन छटांचा फरक कळतो. गुरांना द्यायच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधानं, ते दिलेली मेलेली गुरं खाऊन, आपल्याकडची ९० टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली, जनावरांसाठी त्यावर २००६ साली बंदी आली. तुटलेल्या पंखाची गोष्ट सांगायची तर ही आजची गोष्ट समोर होती की.

पंचवटीतली मावशी:
सगळे हुशार आहात, पण मुळात जटायूला रॅम्पवर आणायचंच कशाला? इगतपुरी तालुक्यात टाकेदला जाऊन या. रामानं सगळ्या तीर्थांचं पाणी तिथं आणून जटायूला पाजलं, म्हणून ते सर्वतीर्थ, अशी आमची श्रद्धा आहे. लोक तिथं हात जोडतात. तुम्ही त्याची 'थीम' करणार, पोरी कमरेवर हात ठेवून वळणार, आणि वर ग्लू चांगला की वाईट यावर वाद.

देवाच्या वस्त्राचं मला वावडं नाही हो. वणीच्या सप्तशृंगीला अठरा हात, अकरा वार साडी लागते आणि चोळीला तीन खण. ती नेसवणं म्हणजे कसब आहे. पण तिथं कापड देवीसाठी असतं. इथं देव कापडासाठी.

गोदाकाठ:
मावशी, शेवटचं वाक्य झोंबलं. तरी मला वाटतं, कथा देवळात ठेवली की तिचा मान राहतो आणि बाहेर आली की जातो, असं काही नाही. आपल्याकडे सोंगं आहेत, बोहाडा आहे. माणसं मुखवटे चढवून देव होऊन नाचतातच की.

पंचवटीतली मावशी:
बोहाड्यात मुखवट्याची आधी पूजा होते. तिकिटं लावून नाचत नाहीत.

येवल्याचा माग:
आमच्या घरात माग आहे म्हणून दोन शब्द. तुम्ही डच बाईपर्यंत गेलात, येवल्यापर्यंत आला नाहीत.

मोराच्या पिसात निळं रंगद्रव्य नसतंच. पीस कुटलं तर तपकिरी भुकटी निघेल. निळा-हिरवा दिसतो तो पिसाच्या बारीक रचनेमुळे, उजेड तिथून परततो तसा. आता धूपछाव पैठणी हातात घ्या. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. साडी हलली की रंग हलतो. तिसरा रंग कुठं घातलेला नसतो, तो विणीतून येतो. गोदाकाठ म्हणतात तसं निसर्गाचं तंत्रच कापडात उतरलंय, आणि त्यासाठी आमच्या कुणा पूर्वजानं माहितीपत्रक काढलं नव्हतं.

पदरावरचा मोरही बघा. जरीच्या जमिनीवर रेशमाचा मोर, प्रत्येक रंगाची छोटी कांडी वेगळी, आणि शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवत जायचं. म्हणून उलटी बाजू सुलटीसारखीच. अगदी डोळ्याजवळ धरलं तर मानेची गोलाई पायऱ्यापायऱ्यांची दिसते, कारण धागा आडवा आणि उभाच जातो, वळत नाही. ही मागाची अडचण होती, तिचाच आमचा मोर झाला. नकली पैठणीत मागे लोंबणारे धागे दिसतात.

पैठणीला २०१० साली जीआय, म्हणजे मूळ प्रदेशाचं नाव जपणारी कायदेशीर नोंद, मिळाला, चांगलं झालं. पण 'येवल्याच्या मोरावरून प्रेरित' म्हणत कुणी पॉलिस्टरवर मोर छापतो, तेव्हा आम्हाला काय मिळतं? २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, आणि ओरड झाल्यावर मूळ कुठलं ते मान्य केलं. प्रेरणा घ्या, कारागिराचं नावही घ्या. जमलं तर ऑर्डरही द्या.

सुईदोरा:
पायऱ्यांचं निरीक्षण मी वर्गात वापरणार, येवल्याच्या नावानिशी. पण माग असलेल्या घरातलं पोर आणि सिडकोतल्या फ्लॅटमधलं पोर यांच्या हाताशी सारखं काही नसतं. त्याला सॅटिन परवडलं म्हणून सॅटिन.

अंजनेरीचा वाटसरू:
बरं, पैसे नकोत अशी गोष्ट सांगतो. पोराला एका सकाळी अंजनेरीला पाठवा, दुर्बीण मी आणतो. घरट्यांच्या जवळ जायचं नाही आणि ड्रोन उडवायचा नाही, एवढंच.

गोदाकाठ:
भाचीमार्फत निरोप देतो. ती बोलायला लागली की.

पंचवटीतली मावशी:
न्या खुशाल. फक्त पुढच्या शोला नाव 'जटायू' नको, 'गिधाड' ठेवा म्हणावं. मग बघू किती टाळ्या पडतात.