ब्रेक दाबला की हँडलमध्ये 'टक': कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बदलू का?

मदत हवी आहे. गाडी ३५० सीसी, पुढे साधे टेलिस्कोपिक फोर्क (शॉकअप), त्यांना कडक-मऊ करायचा अ‍ॅडजस्टर नाही. पुढचा ब्रेक दाबला की हँडलमध्ये 'टक' असं जाणवायचं. मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवलं, तर बरोबर मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकतं. फोर्क ऑईल, सील नवीन; टायरची हवा आणि चाकाचे बेअरिंग तपासलेत. मेकॅनिकने कोनसेट आवळला. आवाज गेला, पण हँडल जड झालं आणि हळू चालवताना गाडी डावी-उजवी भटकते. मला तर हे जास्त धोक्याचं वाटतं. कोनसेटच्या वाट्यांना (ज्यात छर्रे फिरतात) खड्डे पडले असणार. नवीन टाकताना छर्ऱ्यांचाच घ्यावा की टेपर रोलरचा (छर्ऱ्यांऐवजी निमुळते रोलर असलेला)? आणि टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळायचा पाना) नसताना तो पुरेसा आवळलाय, हे हाताने कसं ओळखायचं?