मदत हवी आहे: आईला सीटबेल्टनेच पोटात इजा झाली, आता बेल्ट कसा लावायचा?

नमस्कार मंडळी, मी परभणीचा. महिन्यापूर्वी आईला घेऊन परळीला वैजनाथाच्या दर्शनाला निघालो होतो. गंगाखेडच्या पुढे रोही आडवा आला, त्याला वाचवायला गेलो आणि गाडी लिंबाच्या झाडावर आदळली. दोघांनीही बेल्ट लावले होते. मला खांद्याला मुका मार लागला, तेवढंच.

आई ६४ वर्षांची, उंची चार फूट दहा इंच. तिच्या छातीवरून पोटापर्यंत बेल्टचा काळानिळा वळ उठला होता. पहिल्या दिवशी सोनोग्राफीत काही दिसलं नाही, घरी सोडलं. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, ताप भरला. नांदेडला नेलं तर लहान आतडं फाटलेलं. ऑपरेशन झालं, आता जेवते-खाते. डॉक्टर म्हणाले, कमरेचा पट्टा हाडावर नव्हता, मऊ पोटावर होता. तिच्या पाठीमागे उशी मीच ठेवली होती, सीटही मीच मागे झुकवली होती.

गाडी ५ स्टारची आहे. मग वाचत बसलो. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षेचे स्टार देणारी चाचणी, सुरू झालं. त्यात ६४ किमी वेगाने समोरून धडक देतात, पण पुढच्या दोन्ही सीटवर पुरुषाच्या मापाचीच डमी (चाचणीचा पुतळा) असते. ती हायब्रिड ३ डमी १९७६ ची, उंची १७५ सेंमी, वजन ७८ किलोच्या आसपास. छाती किती दबली ते ती सांगते, आतडं फाटलं असतं का हे कुठून सांगणार? व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात समोरासमोरच्या धडकेत बेल्ट लावलेल्या बायकांना गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषांपेक्षा ७३ टक्के जास्त आढळली. माझी माय तर वयस्कर, हाडं ठिसूळ, त्या मापात कुठेच बसत नाही.

आता ती बेल्टला हात लावत नाही. "पट्ट्यानंच पोट फाडलं" म्हणते. बेल्ट नसता तर ती काचेवर गेली असती, हे मला कळतं, तिला कसं पटवू?

ठेंगण्या माणसाला बेल्ट कसा बसवता? बाजारात मिळणाऱ्या बेल्टच्या क्लिपा लावाव्यात का? पुढची सीट बरी की मागची?

प्रतिसाद:
दादा, मी अपघात विभागात सिस्टर आहे. क्लिपा अजिबात लावू नका, त्यांनी बेल्ट सैल राहतो. उशी काढा, पाठ सरळ ठेवा. कमरेचा पट्टा पदराच्या आणि निऱ्यांच्या खालून, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावर घट्ट ओढा. खांद्याचा पट्टा मानेला घासत असेल तर दाराजवळच्या खांबावरचा अडकवा खाली घ्या, काखेतून मात्र कधीच घेऊ नका. धडकेत ताणलेले बेल्ट बदलूनच घ्या. आणि पोटावर वळ दिसला की पहिला रिपोर्ट चांगला आला तरी पेशंटला डोळ्यांखाली ठेवावं लागतं.

धागाकर्ता:
ताई, खूप आभार. निऱ्यांचं कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्या गाडीत तो अडकवा वर-खाली होत नाही, सीटच उंच करता येते. तेवढ्याने भागेल का?