संवेदना, संवेदन, प्रत्यक्षीकरण : कोणता शब्द कशासाठी?

प्रश्न : इंदूरला बी.ए. प्रथम वर्षाला आहे, मानसशास्त्र घेतलंय. घरी मराठी, पण शिकवणं आणि पेपर हिंदीत. पुण्याच्या मावशीने तिची मराठी पुस्तकं पाठवलीत. हिंदी पुस्तकात सेन्सेशनला ‘संवेदना’ आणि परसेप्शनला ‘प्रत्यक्षीकरण’ म्हटलंय. मराठीत ‘वेदन’ आणि ‘संवेदन’. मग संवेदना आणि संवेदन एकच का?

उत्तर १ : नाही गं, एका कान्याने पायरीच बदलते. डोळ्यात प्रकाश शिरला, दृष्टिपटलावरच्या पेशी चेतल्या, संदेश मेंदूकडे निघाला, हे मराठीत वेदन, हिंदीत संवेदना. त्या संदेशाचा मेंदूने अर्थ लावला आणि ‘हे झाड’ असं कळलं, ते मराठीत संवेदन, हिंदीत प्रत्यक्षीकरण.

प्रयोगशाळेत म्यूलर-लायरचा दृष्टिभ्रमाचा प्रयोग करशील तेव्हा हा फरक पक्का बसेल. हा भ्रम १८८९ सालचा, पण अजून पहिल्या वर्षाच्या मुलांकडून करून घेतात. एका रेषेच्या टोकांना बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेली पिसं. सरकपट्टी ओढत दोन्ही रेषा सारख्या वाटतील तिथे थांबायचं आणि मोजपट्टीवर किती मिलिमीटरचा फरक पडला ते टिपायचं. एकदा रेषा वाढवत आणायची, एकदा कमी करत. पिसांची रेषा लांब भासते, म्हणून बहुतेक जण ती प्रत्यक्षात आखूडच ठेवतात. आणि गंमत अशी की दोन रेषा सारख्या आहेत हे मोजून कळल्यावरही त्या सारख्या दिसत नाहीत! दृष्टिपटलावर प्रतिमा सारख्याच लांबीच्या पडतात. फसगत होते ती संवेदनात. मराठीतली वेदन-संवेदन ही जोडी मला म्हणूनच आवडते, ‘सं’ लागला की अर्थ जुळून आला.

उत्तर २ : ताई, जोडी सुरेख आहे, पण रोजच्या मराठीत वेदना म्हणजे दुखणं आणि संवेदना म्हणजे हळवेपणा. मूळ धातू विद्, जाणणे, हे आता कुणाच्या कानाला जाणवत नाही. त्यापेक्षा प्रत्यक्ष हा शब्द न्यायदर्शनात, म्हणजे ज्ञान कसं होतं याचा विचार करणाऱ्या जुन्या भारतीय तत्त्वज्ञानात, कसून घासलेला आहे. इंद्रिय आणि विषय यांच्या संनिकर्षातून, म्हणजे संपर्कातून, होणारं ज्ञान ते प्रत्यक्ष. त्यातही आधी निर्विकल्पक, नुसतं ‘काहीतरी आहे’ एवढंच. मग सविकल्पक, ‘ही गाय आहे’. शिवाय ‘करण’ जोडल्यावर मन काहीतरी घडवतंय हे शब्दातच येतं. माझं मत प्रत्यक्षीकरणाला.

उत्तर ३ : अजून एक खड्डा दाखवून ठेवतो. अकरावीच्या मानसशास्त्राच्या हिंदी पुस्तकात एका धड्याच्या नावात ‘प्रात्यक्षिक प्रक्रियाएँ’ असं आहे. मराठी माणूस ते वाचून थेट प्रयोगवहीच काढेल. तिथे त्याचा अर्थ परसेप्शनसंबंधी, प्रॅक्टिकलशी काही संबंध नाही.

प्रश्नकर्ती : खूप आभार. मग कॉग्निशनला संज्ञान चालेल?

उत्तर १ : हिंदी पेपरात तेच लिही. मराठीत बोधन. संज्ञान म्हटलं की मराठी कानाला अठरा वर्षं पूर्ण झालेला ‘सज्ञान’ आठवतो. आकलनही नको, ते समजण्यापुरतं; बोधनात अवधान, स्मृती, विचार, भाषा सगळं येतं, आणि संवेदनही त्यातच.