स्कीवर बाइंडिंगखाली रायझर बसवावा का?

पन्हाळ्याचा वारा :

कोल्हापुरातून हिवाळ्यात गुलमर्ग किंवा औलीला जाणाऱ्या आपल्या मंडळींपैकी काहींनी भाड्याच्या स्की सोडून स्वतःच्या घेतल्या आहेत आणि आता बाइंडिंगखाली, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि जोर वाढला की सोडणाऱ्या पकडीखाली, रायझर बसवण्याचा विचार जोर धरू लागला आहे. चढताना टाचेखाली उभी करतात ती टेकणी येथे अभिप्रेत नाही. स्की आणि बाइंडिंग यांच्यामध्ये बसणारी, बुटाची पुढची व मागची बाजू सारखीच उचलणारी पट्टी अभिप्रेत आहे. माझ्या मते आपल्यापैकी बहुतेकांना तिची गरज नाही.

स्की तिच्या धारदार धातूच्या कडेवर फार कलली की बुटाची बाजू बर्फाला टेकते, कड सुटते आणि माणूस घसरतो, हे रायझरचे नेहमीचे समर्थन आहे. त्याचा हिशेब करून पाहावा. बुटाची बाहेरची रुंदी १०० मिमी, बुटाखालची स्कीची रुंदी ६६ मिमी आणि स्कीच्या तळापासून बुटाच्या तळापर्यंतची उंची ४० मिमी धरली, तर बूट कडेच्या १७ मिमी बाहेर येतो आणि कठीण बर्फावर सुमारे ६७ अंशांच्या कलाला टेकतो. १० मिमीचा रायझर घातला की तोच कोन ७१ अंशांवर जातो. हे चार अंश शर्यतीत उतरणाऱ्यांच्या कामाचे आहेत. सुट्टीत उतार उतरणारा माणूस ४५ अंशांनाही क्वचितच पोहोचतो. गुलमर्गच्या अफरवट शिखरावरच्या भुसभुशीत बर्फासाठी घेतलेली स्की तर बुटाएवढीच रुंद असते, मग टेकणार काय?

उद्यमनगरकर :

हिशेब बरोबर आहे, परंतु तो अर्ध्याच प्रश्नाचा आहे. बूट उंचावला की पाय थोडा जरी बाजूला झुकवला तरी कडेवर अधिक जोर पोहोचतो आणि एका वळणातून दुसऱ्या वळणात जाताना स्की लवकर पालटते. हा लाभ ४५ अंशांच्या आतही मिळतो. औलीच्या ज्या उतारांवर २०११ च्या जानेवारीत दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतील स्कीच्या शर्यती झाल्या, तेथे सकाळच्या वेळी, रात्रभर गोठलेल्या दाबीव बर्फावर अरुंद स्की घेऊन उतरणाऱ्याला हा फरक पायात जाणवतो. गुलमर्गच्या पावडरवरून, म्हणजे भुसभुशीत बर्फावरून, सगळ्यांसाठी निकाल देणे मला पटत नाही.

दुसरे असे की, अशी पट्टी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत ॲल्युमिनियमची मिलिंग करून एका दिवसात मिळेल. खर्च फारसा नाही, मग प्रयोग करायला हरकत कोणती?

सातवी गल्ली :

उद्यमनगरकर साहेब, हरकत गुडघ्याची आहे. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने शर्यतीतसुद्धा तळापासून बुटापर्यंतची उंची ५० मिमीवर आणि बुटाच्या तळाची जाडी ४३ मिमीवर रोखली आहे, ती काही हौसेने नव्हे. उसाची ट्रॉली जितकी उंच भरावी तितकी ती वळणावर कलंडते. माणसाचेही तेच आहे. वर्षातून एकदा बर्फावर जाणाऱ्या, वर्षभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसाने कडेचा दंश वाढवून घेऊ नये, कारण नको त्या क्षणी धरलेली कड पाय पिळवटून टाकते.

उद्यमनगरकर :

मॅडम, ट्रॉलीचा दाखला येथे लागू पडत नाही. माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे एक मीटरवर असतो. त्यात १० मिमीची भर म्हणजे जेमतेम एक टक्का. कडेच्या दंशाविषयीचे आपले म्हणणे मात्र मान्य आहे, म्हणूनच मी रुंद स्कीवर रायझर सुचवत नाही आणि नवशिक्यालाही नाही.

पन्हाळ्याचा वारा :

उद्यमनगरातल्या पट्टीविषयी मात्र माझा ठाम विरोध आहे. स्की वळणात धनुष्यासारखी वाकते तेव्हा बुटाच्या टोकाखालचे आणि टाचेखालचे बाइंडिंग किंचित जवळ येतात. चांगल्या रायझरचे एक टोक सरकते ठेवतात ते त्यासाठीच. दोन्ही टोके स्क्रूने आवळलेला ॲल्युमिनियमचा सलग ठोकळा बसवला, तर नेमका बुटाखालचा भाग ताठ होतो आणि वळणाचा गोलवा मोडतो. शिवाय स्क्रू लांब लागतात. स्कीला भोक पाडण्याचे ड्रिल साधारण ९ मिमी खोलीवर थांबते आणि वरच्या थरात धातू असल्यास त्याचा व्यास ४.१ मिमी, नसल्यास ३.५ मिमी ठेवतात. हे चुकले तर भर उतारावर बाइंडिंग उपटून निघेल. आपल्याकडच्या कारागिरांच्या हाताविषयी शंका नाही, परंतु बाइंडिंग ठरल्या जोराला सुटते की नाही हे तपासण्याचे यंत्र तेथे कोणाकडे आहे? तो खर्च करण्यापेक्षा बूट पायाला नीट बसवून घ्यावेत आणि कडांना धार लावून घ्यावी.

उद्यमनगरकर :

एक टोक सरकते ठेवणे म्हणजे लांबट खाच पाडणे, ते आमच्याकडे रोजचे काम आहे. सुटण्याच्या जोराच्या तपासणीचा मुद्दा रास्त आहे. पट्टी येथे करून स्क्रू आणि तपासणी गुलमर्गच्या एखाद्या जाणत्या दुकानात करून घेता येईल का, एवढे फेब्रुवारीपूर्वी विचारून घेतो. तोवर बुटाखाली ६८ मिमी रुंद असलेल्या माझ्या जुन्या स्कीच्या जोडीला भोक पाडत नाही. आणि बुटाविषयी म्हणाल, तर ते मी गेल्याच हंगामात बसवून घेतले आहेत. कड अजूनही हवी तशी धरत नाही, म्हणून तर विचारतो आहे.