मालवणातल्या खानावळींची नावं सांगायची की नाही? (एका ऑनलाइन धाग्यातली चर्चा)

चिंदर-दादर
‘मालवण ते वेंगुर्ला : स्थानिकाच्या नजरेतून खाण्याच्या बारा जागा’ ही पोस्ट चार दिवसांत मला सहा जणांनी पाठवली. लिहिणारा म्हणतो : जून-जुलैत जा, गर्दी नसते आणि सुरमई ताजी नि स्वस्त मिळते. सुरमई-पापलेट सोडून दुसऱ्या थाळीवर पैसे घालवू नका. सोलकढी जितकी गडद गुलाबी तितकी अस्सल. वाट बघायला लावली तर उठा.

१ जून ते ३१ जुलै पावसाळी मासेमारी बंदीमुळे आमच्याकडे यांत्रिक होड्या बंद असतात. जुलैच्या थाळीत सुरमई आली तर ती बर्फातली, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून ट्रकने आलेली, कारण तिकडची बंदी १४ जूनला संपते. आमच्या घरी त्या दिवसांत सुका बांगडा, गोलमा (सुकी बारीक कोलंबी), खाडीत पागाने, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याने, मिळालेलं काहीतरी, कुर्ल्या आणि नशीब असेल तर पावसात प्रवाहाविरुद्ध वर येणारे चढणीचे मासे. सोलकढीचं म्हणाल तर आगळाचा, म्हणजे कोकमाच्या रसाचा, रंग नारळाच्या रसात फिका पडतो. गडद गुलाबी दिसली की मी ग्लास बाजूला ठेवतो. आणि वाट? मागणी सांगितल्यावर जिथे मासा कापायला घेतात तिथे वाट बघावीच लागते, आणि तिथेच जेवावं.

पण माझा खरा राग नावांवर आणि नकाशावर आहे. आमच्या वाडीजवळ एक खानावळ होती. वीस पानं वाढायची ताकद, घरातल्या दोन बायका. कुणीतरी व्हिडिओ टाकला आणि मे महिन्यात दिवसाला ऐंशी माणसं येऊ लागली. आज तिथे वाटण मिक्सरमधून चार दिवसांचं एकदम निघतं आणि तिरफळाचा मसाला बांगड्यात सापडत नाही. म्हणून मी कुणालाही नाव सांगत नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

पुणे ते किनारा
म्हणजे आम्ही काय करायचं? गेल्या डिसेंबरात आई-बाबांना घेऊन सात तास गाडी चालवत पोचलो. दुपारचे अडीच. रिक्षावाल्याला विचारलं, त्याने एका ठिकाणी नेऊन सोडलं. त्याला तिथून पैसे मिळतात हे नंतर कळलं. फळ्यावर सुरमईपुढे ‘बाजारभावाप्रमाणे’. जेवण झाल्यावर चार थाळ्यांचे २६०० रुपये. तुकडा तळहातापेक्षा लहान होता. बाबांनी निमूट पैसे दिले आणि संध्याकाळी म्हणाले, उद्या वडापाव खाऊ. तुम्ही नावं दडवता तेव्हा आमच्यासारखी माणसं अशा लोकांच्या हाती जातात.

मिठमुंबरी
तळहातापेक्षा लहान सुरमई म्हणजे पिल्लू. अंडी घालायच्या आधीच पकडलेलं. धाग्यात नावांवर भांडताय, पण मूळ दुखणं सुरमईचं वेड आहे. मी देवगडचा. आमच्याकडे पाहुणा आला की पेडव्यांचा तिखला (तिखट कालवण), मुडदुसे, मोतके असे छोटे मासे, बांगडा हळदीच्या पानात. बांगड्याला ‘गरिबाचा मासा’ म्हणणाऱ्यांनी सप्टेंबरातला चरबी धरलेला बांगडा खाल्लेला नाही. आणि मालवणात येऊन ताजे बोंबील मागणाऱ्यांना हात जोडून सांगतो, बोंबील उत्तरेचा, सातपाटी-वर्सोव्याकडचा. तो आमचा मासा नव्हे.

बांगडाही आता मिळेनासा झालाय. कारण पर्ससीन, म्हणजे थव्याला वेढा घालणारं मोठं जाळं. एका रात्रीत सगळा थवा उचलतात. मासे खेचायला होड्यांवर लावायच्या एलईडी दिव्यांवर २०१७ पासून बंदी आहे, तरी रात्री किनाऱ्यावरून दिवे मोजता येतात.

हर्णे बंदर
झालं, आले पर्ससीनवर. माझा भाऊ पर्ससीनवर खलाशी आहे. २०१६च्या फेब्रुवारीत निर्बंध आले, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच उरला. उरलेले आठ महिने त्याने काय करायचं, ते कुणी सांगत नाही. तुमच्या थाळीत बांगडा परवडतो तो मोठ्या जाळ्यामुळेच. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून दोरीने ओढायच्या जाळ्याच्या, बांगड्यावर मुंबईचं पोट भरणार आहे का? शेजारच्या राज्यांतले ट्रॉलर येऊन खरवडून नेतात त्यांना कुणी बोलत नाही, कारण ते तुमच्या गावचे नाहीत.

मिठमुंबरी
त्यांनाही बोलतो. पण चोराला चोर दाखवून सुटता येत नाही. माझ्या काकाने होडी विकली. पाच वर्षं सतत जाळं रिकामं आलं म्हणून विकली. तुमच्या भावाला पगार तरी मिळतो.

हर्णे बंदर
पगार नाही, वाटा मिळतो. माहीत नसेल तर विचारा, चोर म्हणू नका.

मिठमुंबरी
चोर हा शब्द मागे घेतो. बाकी काही मागे घेत नाही.

चिंदर-दादर
धागा खाण्याचा होता. पण रापणीचा विषय निघालाच आहे तर : माझे आजोबा दोरीला हात लावायला जायचे. होडी आपली नसली तरी ओढायला मदत केली की वाटा मिळे. आजी तो घरी आणायची आणि संध्याकाळचं जेवण त्यावर ठरायचं. समुद्राने काय दिलं ते बघून चूल पेटायची. आज गिऱ्हाईक घरून ठरवून निघतं की सुरमईच खायची. मला टोचतं ते हे.

म्हापसेकार
गोव्याचं सांगतो. २०१८च्या जुलैत मासे टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन वापरल्याच्या संशयाचं प्रकरण झालं तेव्हा बाहेरून येणारी मासळीच काही दिवस बंद केली होती. तेव्हापासून आमच्या घरी मासा कुठून आला हे विचारल्याशिवाय घेत नाहीत. मी जातो त्या खानावळीत खडूने रोजचा भाव लिहितात : शीत-हुमण (भात नि माशाची आमटी), तिसऱ्यो (शिंपले), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर). पर्यटकांच्या पट्ट्यातल्या शॅकमध्ये त्याच पैशांत सोलकढीसुद्धा येत नाही. भाव लिहा म्हणावं, अर्धं भांडण मिटेल.

खानावळवाली, देवबाग
सकाळपासून वाचतेय, आता बोलते. अकरा वर्षं खानावळ चालवते. ‘नावं सांगू नका’ म्हणणारे दादरला राहतात. तुमी मुंबयत बसान माझ्या चुलीचो निर्णय घेतास?

पहाटे उठून नारळ खोवते. मासा लिलावात घेते तेव्हा किती पानं होतील हे माहीत नसतं. जास्त घेतला आणि कुणी आलं नाही तर तो आमच्या घरात संपतो, दुसऱ्या दिवशी पाहुण्याला देत नाही. जुलैत एक माणूस येत नाही, कर्जाचा हप्ता मात्र येतो. चार लोकांनी नाव लिहिलं म्हणून मुलीचं कॉलेज झालं. लपवून माझं काय भलं होणार?

सुरमईचं खरं आहे. नाही म्हटलं की गिऱ्हाईक उठान जाता. मी पेडवे, शेंगटी सांगून बघितलं. दहातले दोन बसतात. म्हणून सुरमई ठेवावी लागते, पण पिल्लू घेत नाही. आणि मिक्सरला नावं ठेवू नका. पाट्यावर ऐंशी पानांचं वाटण कोण वाटणार, तुम्ही? मसाला मात्र आमचा मे महिन्यातच वर्षाचा होतो.

पुण्याच्या भाऊंनी सांगितलं ते वाईट झालं. बसण्याआधी तुकडा बघायला मागा आणि भाव विचारा. जो दाखवत नाही त्याच्याकडे जेवू नका.

चिंदर-दादर
वहिनी, मिक्सरबद्दल बोललो ते चुकलं. आमच्या वाडीजवळच्या त्या दोघींना मी कधी विचारलंच नाही की त्यांना जास्त गिऱ्हाईक हवं होतं का. हवंही असेल. तरी नकाशावर खूण करून सोडून देणं मला पटत नाही. नाव द्यायचं तर त्यासोबत किती पानं होतात, कधी बंद असतं आणि आदल्या दिवशी फोन करावा, हे लिहिलंच पाहिजे.

पुणे ते किनारा
एवढं मान्य केलंत तरी पुष्कळ. आम्ही पुढच्या रविवारी येतोय, चौघं. बाबा मासे खायला तयार नव्हते, हा धागा वाचून दाखवला तेव्हा तयार झाले. सुरमई नको, वहिनी. जे मिळेल ते.

खानावळवाली, देवबाग
शनिवारी रात्री फोन करा, किती जण ते नक्की सांगा. मुडदुसे इले तर तुमच्यासाठी ठेवतंय. बाबांना काट्यांचा त्रास होत असेल तर तेही सांगा, मग तांबोशी बघते.