हॅलोविनच्या रात्री स्लीपी हॉलोच्या दफनभूमीत जाता येतं का?

प्रश्न: ३१ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये आहोत. अंधार पडल्यावर शहराच्या उत्तरेला असलेल्या स्लीपी हॉलो गावच्या दफनभूमीत नुसतं फिरता येईल का?

उत्तर १: स्वतःहून नाही. फाटक संध्याकाळी बंद होतं, नंतर आत असणं म्हणजे बेकायदा प्रवेश. पर्यटक व्हिसावर असताना पोलिसांत नोंद अजिबात ओढवून घेऊ नका. दफनभूमीतर्फेच कंदिलाच्या उजेडातल्या फेऱ्या असतात, त्याचं तिकीट आधी काढा. ऑक्टोबरअखेरची तिकिटं फार लवकर संपतात. ग्रँड सेंट्रल स्टेशनहून हडसन लाइनची रेल्वेगाडी पकडून शेजारच्या टॅरीटाउनला उतरा. परतीची वेळ आधीच बघून ठेवा, कारण त्या रात्री टॅक्सी मिळणं कठीण जातं.

उत्तर २: तिकीट नाही मिळालं तर दुपारीच जा. तेव्हा सूर्यास्त सहाच्या जरा आधी होतो. स्लीपी हॉलोची प्रसिद्ध भुताची गोष्ट लिहिणाऱ्या वॉशिंग्टन अर्विंगची कबर (मृत्यू १८५९) उजेडातच नीट सापडते. जुनं डच चर्च आणि त्याचं आवार शेजारीच आहे, पण ते वेगळं. दोन्हींच्या वेळा वेगवेगळ्या तपासा.

उत्तर ३: बूट पकड असलेले हवेत. उतारावर ओली पानं पडलेली असतात, त्याखाली मुळं नि दगड दिसत नाहीत. टॉर्चचा झोत पायाशी ठेवा. जुन्या शिळांना टेकू नका, फोटोसाठीसुद्धा नाही: वरून भक्कम दिसणारी शिळा बुडाशी सुटलेली असू शकते. आणि तिथे आजही दफनं होतात. ताजी फुलं दिसली की आवाज खाली आणा.